न चावणारी वहाण

खडकावतीच्या दरबारात दोन कायदे होते आणि ते एकमेकांच्या उरावर बसलेले होते. पहिला असा, की माल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राजा रणधवल कुणालाही पेठेत दुकान घालू देत नसे. दुसरा असा, की राजाखेरीज कुणाचीही वहाण दरबारात यायची नाही. पायात नाही, हातात नाही, टोपलीतसुद्धा नाही!

आता सांगा, वहाणांचंच दुकान घालायचं असेल तर माणसानं करायचं काय?

भिवराला नेमकं तेच घालायचं होतं. तिच्या हातच्या वहाणा चावत नसत. डोंगर उतरून बाजाराला येणाऱ्या बाया फोड आलेले पाय नदीत बुडवून रडायच्या, ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. तिची आई त्यांतलीच एक. ज्याला चालल्यावाचून पोट भरता येत नाही, त्याच्या पायाला फोड येता कामा नये, एवढं एकच खूळ तिच्या डोक्यात होतं.

पहिल्यांदा गेली, तेव्हा चोपदारानं तिला टोपलीसकट हाकललं. दुसऱ्यांदा ती टोपली बाहेर ठेवून आत शिरली.

"माल कुठाय?" राजानं विचारलं.

"पायरीवर हाय, महाराज."

"मग परवानगीही पायरीकडूनच घे!"

दरबार खो खो हसला. भिवरा पायरीवर जाऊन बसली. तिथं तिला गिऱ्हाईक मिळालं ते एकच, येसू जासूद. सीमेवरून खलिते घेऊन धावत येणारा गडी. तो एक जोड घालून गेला आणि भिवरा तिथंच बसून राहिली.

शेवटी दिवाण त्रिंबकपंतांना तिची दया आली. ते लंगडत बाहेर आले. खडकावतीत मोठे लोक सगळेच लंगडत. राजा हिरेमाणकं जडवलेली मोजडी घालून जरा लचकत चाले. भाटांनी त्या चालीला 'राजचाल' म्हटलं, आणि बघता बघता सगळे सरदार-मानकरी तसल्याच मोजड्या घालून लचकू लागले. कुणी सरळ चाललं की लोक नाक मुरडत, हा हलक्या घरचा दिसतो!

"पोरी, मोजड्या कर," पंत म्हणाले. "वर मोती जडव. उद्या दुकान देतो."

"चावत्यात त्या, पंत."

"मग खोगीर कर! खोगीर दरबारात आणता येतं."

"घोड्याला चावलं तर तो लाथ घालतो. त्याची त्याला सोय हाय. माणूस बिचारा लंगडतो आन् वर त्याला राजचाल म्हनतो!"

पंतांची दया तिथंच संपली. त्यांनी तडक जाऊन राजाच्या कानाला लागणं पसंत केलं, आणि भिवराला आत बोलावणं आलं.

"राजचालीला नावं ठेवतेस?" राजा कडाडला. "ठीक! उद्या भरल्या दरबारात तुझ्या वहाणेचा गुण मला सिंहासनावर बसल्या बसल्या दाखव. वहाण आत आणायची नाही. तिचं वर्णन नको, चित्र नको! जमलं तर पेठेतल्या पहिल्या चौकातलं दुकान तुझं. नाही जमलं तर आरी आणि रापी इथं ठेवायची, आणि पुन्हा जन्मात चामड्याला हात लावायचा नाही!"

आरी-रापी गेली म्हणजे हातच गेले की! पण ती म्हणाली, "चालंल." मग पायरीवर बसून, दरबार सुटल्यावर मोजड्या चढवताना मानकरी कशी तोंडं वाकडी करतात, ते तिनं नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी आली. मागून येसू.

"वहाण कुठाय?"

"बाहेर. पाय आत आणलेत, महाराज. पायांना बंदी न्हाई ना?"

राजानं पंतांकडे पाहिलं. पंतांनी नाइलाजानं मान हलवली. बंदी नव्हती.

भिवरानं येसूचा पाय चौरंगावर ठेवायला लावला. "ह्यो गडी आत्ता सीमेवरनं धावत आलाय. शोधा एखादा फोड!"

शोधूनही सापडेना.

"हा झाला वहाणेचा गुण. आता ती नसली की काय होतं, तेबी बघा. दरबारात समदेच अनवाणी हायेत. जरा खाली बघा, महाराज!"

आजवर रणधवलानं कुणाकडे गुडघ्याखाली पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिलं. सेनापतींच्या टाचेला चिंधी. खजिनदारांची बोटं हळदीनं पिवळीधमक. त्रिंबकपंत एका पायावर उभे, दुसरा धोतरात लपवलेला. सगळे एकमेकांचे पाय ओढण्यात इतके गुंतलेले, की ते बघायला कुणाला सवडच झाली नव्हती!

"पंत, हे काय?"

"राजचाल, महाराज!" पंत रडकुंडीला येऊन म्हणाले.

"अजून एक पाय बघायचा राहिला," भिवरा म्हणाली.

राजानं तिच्याकडे डोळे वटारले. मग वाकून स्वतःची मोजडी हळूच ओढून काढली. करंगळीला हा एवढा फोड!

"राज्याभिषेकापासून चावतेय!" राजा ओरडला. "पण राजानं हे सांगायचं कुणाला?"

आणि तो जो हसत सुटला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत! "दुकान तुझं! शिक्का आणा रे! आणि भिवरा, माझ्यासाठी एक जोड आण आत!"

"आपल्या पायात जाईस्तोवर वहाण माझी, आत यायची न्हाई, महाराज. कायदा आपलाच हाय."

राजानं मोजड्या भिरकावल्या आणि तो अनवाणी बाहेर निघाला. मागं अख्खा दरबार. शिक्का पायरीवरच उमटला. मग राजानं पायरीवर बसकण मारून पाय पुढं केला.

येसूच्या जोडाचा तळ सीमेवरनं धावून धावून झिजला होता. भिवरानं टोपलीतला एकुलता एक जोड उचलला आणि येसूपुढं ठेवला.

"थांबा, महाराज. आधी येसू. त्याला आजच परत सीमेवर धावायचंय. आपल्याला कुठं जायचंय?"

राजा पुन्हा खदाखदा हसला आणि येसूला बसायला जागा व्हावी म्हणून पायरीवर जरा बाजूला सरकला.