रिकाम्या शंखाची व्याख्या

त्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांना स्वतःचे घर बांधता येत नव्हते. समुद्रातल्या गोगलगायी आयुष्यभर एकेक वळण वाढवत शंख करीत, आणि त्या गेल्या की त्यांचे शंख लाटांबरोबर वाळूवर येत. खेकडे त्यांत राहत. पुढून त्यांना कवच होते, नांग्या होत्या, पण पाठीमागचे अंग लोण्यासारखे मऊ होते आणि वर घारी फिरत होत्या. तेव्हा शंख ही काही हौस नव्हती.

खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. यावर त्यांनी फार पूर्वीच एक तोड काढली होती. मोठा शंख वाळूवर आला की सगळे त्याच्याशेजारी चणीप्रमाणे ओळ लावत. सर्वांत थोराड खेकडा नव्या शंखात शिरे, त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असे करत करत शेवटी एक चिमुकला शंख उरे. तो पुढे येणाऱ्या पिल्लासाठी राखून ठेवत. हे सारे एका श्वासात उरके. त्या श्वासापुरती अख्खी ओळ उघडी पडे, पण कोणी दुसऱ्याच्या शंखाकडे वाकड्या नजरेने पाहत नसे. मोठ्यांना मान द्यायचा तोही असाच, शंखातून बाहेर येऊन उभे राहायचे. तुमच्यापुढे मी उघडा उभा राहू शकतो, एवढा माझा तुमच्यावर विश्वास, असा त्याचा अर्थ.

मात्र गेल्या सहा पौर्णिमांत एकदाही ओळ लागली नव्हती. मोठे शंख वाळूपर्यंत पोहोचतच नव्हते. खडकाखालच्या डोहात अष्टेकर शेठ राहत. ते ऑक्टोपस, त्यांना घराची गरज नव्हती, खडकातली कुठलीही फट त्यांना पुरे. पण वाहत आलेला प्रत्येक शंख ते जवळ करत. "आज ना उद्या कोणाला तरी लागतीलच की," असे फार प्रेमाने म्हणत, आणि देत कोणालाच नसत.

रेवू नावाच्या एका तरुण खेकडीचा जीव या सगळ्यात टांगणीला लागला होता. तिची मुलगी टिकली आठ दिवसांत कात टाकणार होती. कात टाकली की चार दिवस सगळेच अंग मऊ होते, तेव्हा पिल्लाला पुरते आत मावावे लागते. टिकलीने कितीही अंग चोरले तरी तिच्या दोन्ही नांग्या आणि डोळे शंखाबाहेरच राहत. रेवू रोज सकाळी शंखाचे तोंड नांगीने मापून बघे. मापल्याने शंख वाढत नाही, हे तिला कळत होते. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मापे.

अशात बातमी आली की ओहोटी सुरू झाली की खडकांच्या सभागृहात अधिवेशन भरणार आणि पहिल्याच दिवशी शंख विधेयक मांडले जाणार. कोणी अडवून ठेवलेले सगळे रिकामे शंख वाळूवर मोकळे करायचे, अशी त्यात तरतूद होती. वस्तीत आनंदीआनंद झाला. मसुदा केवड्याच्या पानावर लिहून आला, आणि वस्तीत वाचता येणारी रेवूच असल्यामुळे तिने तो सगळ्यांना वाचून दाखवला. तिसऱ्या कलमावर ती अडखळली.

"‘तपासणीच्या वेळी ज्यात कोणाच्याही शरीराचा कोणताही भाग नाही, तो शंख रिकामा समजावा. ज्याचा भाग आत आढळेल, त्याच्या नावे तो कायमचा राहील.’ काकू, हे ‘कोणताही भाग’ काय असेल हो?"

शेवंताकाकू वस्तीतल्या सर्वांत थोराड. त्या म्हणाल्या, "अगं, पाय, नांगी, काहीही. चांगलंच लिहिलंय. कोणी जरासा बाहेर डोकावला म्हणून त्याचं घर जायला नको."

"पण अष्टेकर शेठना हात आठ आहेत."

"बरं मग? तुझ्या मते किती हवे होते?"

सगळे हसले. रेवूही हसली. टिकली झाल्यापासून आपल्याला जिथे तिथे खोट दिसते, हे तिचे तिलाच माहीत होते. चारच दिवसांपूर्वी तिने घार आली म्हणून अख्ख्या वस्तीला पळवले होते, आणि ती ढगाची सावली निघाली होती. इतक्या जाणत्या मंडळींनी लिहिलेला मसुदा. त्यांना जे दिसले नाही ते आपल्याला बरे दिसले! तिने पान गुंडाळून ठेवले.

खरे सांगायचे तर सभागृहात वाईट कोणीच नव्हते. सदस्य होते कालवे, खडकाला जन्मभर चिकटून राहणारे शिंपले. घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यात शिंपला रिकामा झाला म्हणजे आत राहणारा गेला. अध्यक्ष होते एक वयोवृद्ध कासव. त्यांचे घर त्यांच्या पाठीबरोबरच वाढत आले होते. व्याख्या त्यांनी सर्वांनी मिळून, अगदी मनापासून लिहिली होती.

ओहोटी लागली. खेकडे लेकरांना घेऊन प्रेक्षकांच्या खडकावर दाटीवाटीने बसले. कारकून होता तुतवार, लांब चोचीचा आणि तुरुतुरु चालणारा पक्षी. त्याने ललकारी दिली, आणि अध्यक्ष आत येताच सगळी वस्ती आपापल्या शंखातून बाहेर येऊन शेजारी उभी राहिली. अभिभाषण सुरू झाले.

"आई, पाठ भाजतेय."

"झालंच गं. ते ‘बसा’ म्हणाले की आत जायचं."

"कधी म्हणणार?"

"कासव आहेत ते, टिकली. थोडा वेळ लागेल."

भाषण संपले. अध्यक्षांनी खडकाकडे पाहिले, उन्हात उभी असलेली चिमुरडी पाहिली, आणि त्यांना भरून आले. "एवढ्या आयाबाया लेकरं घेऊन आल्यात," ते म्हणाले, "चर्चेत दिवस घालवणं बरं दिसत नाही. विधेयक आत्ताच मंजूर करू आणि तपासणीही आत्ताच करू." कालवांनी एकदम शिंपले मिटले. कट्! विधेयक मंजूर. खेकड्यांनी नांग्या आपटून जल्लोष केला. रेवूनेही आपटल्या, आणि मग तिची एक नांगी हवेतच राहिली.

कारकून आधी डोहाकडे गेला. अष्टेकर शेठनी आठही हात पसरले होते. प्रत्येक हाताला चोषणाऱ्या वाट्यांच्या दोन रांगा, आणि एकेक वाटी एकेका शंखात खुपसलेली. नमस्काराला एकही हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी नुसते डोळे मिटून अभिवादन केले.

"भरलेला, भरलेला, भरलेला," असे म्हणत कारकून पुढे गेला. तिथे त्याला एकही रिकामा शंख सापडला नाही. मग तो खडकावर आला आणि काकूंच्या शंखाला त्याने जप्तीचे शेवाळ बांधले.

"अहो, अहो! तो माझा आहे!"

"आत कोणी नाही, काकू."

"मी ही काय इथे उभी आहे!"

"तेच तर म्हणतोय मी. अर्ज करा, विचार होईल."

ओळीतल्या कोणीही हालचाल केली नाही. अध्यक्ष अजून ‘बसा’ म्हणाले नव्हते. ते आभाराचे भाषण करत होते. मान द्यायला बाहेर आलेल्याने मध्येच आत शिरावे, असे आजवर कधी झाले नव्हते.

कारकून काकूंच्या शेजारी उभ्या असलेल्या रेवूकडे वळला. पळभर रेवूला वाटले, आपणच पुन्हा चुकीचे काही समजत असू. मग तिने टिकलीकडे पाहिले, तिच्या तोकड्या शंखाकडे पाहिले. ज्याचा भाग आत, त्याच्या नावे कायमचा. म्हणजे यापुढे ओळ लागणार नव्हती. टिकलीला आज जे घर मिळेल, तेच.

तिने मुलीला नांगीने उचलले आणि स्वतःच्या शंखात ढकलले.

"आई, हा तुझा आहे!"

"आत जा. पूर्ण आत. डोळेसुद्धा."

टिकली आत गेली आणि दिसेनाशी झाली. पहिल्यांदाच. रेवूने आपल्या मागच्या पायाचे टोक टिकलीच्या जुन्या शंखात घातले. त्यात तेवढेच मावत होते. कारकून आला, त्याने वाकून दोन्हीकडे पाहिले आणि तो म्हणाला, "भरलेला. भरलेला."

पलीकडच्या बाईने रेवूकडे पाहिले आणि तिनेही आपले पिल्लू आपल्या शंखात ढकलले, त्याच्या शंखात स्वतःच्या पायाचे टोक घातले. मग तिच्या पलीकडचीने. शंखांची तोंडे एकेक करून भरत गेली, टक्, टक्, टक्, जशी ओळ लागावी तशी; फक्त या वेळी मोठी माणसे बाहेर राहत गेली.

शेवंताकाकू रेवूच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "पाठीला पाठ लाव," त्या हळूच म्हणाल्या. "निदान मऊ बाजू तरी झाकली जाईल."

"काकू, मला तेव्हाच वाटलं होतं हो."

"माहीत आहे. हसले ना मी. आता सरळ उभी राहा."

समोर अध्यक्षांना कारकुनाने यादी दिली. त्यांनी ती सावकाश वाचली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "एक शंख सोडला, तर राज्यात आज एकही घर रिकामं नाही."

आतून टिकलीचा आवाज आला, घुमल्यासारखा, लांबून आल्यासारखा. "आई, इथे खूप जागा आहे गं. मला भीती वाटतेय."

रेवूने वाकून आपल्या नांगीचे टोक तिच्याजवळ आत नेले. टिकलीने ते धरून ठेवले. तेवढ्यात कारकून परतीच्या वाटेवर पुन्हा तिथून गेला. त्याने एका शंखात पाय पाहिला, दुसऱ्यात नांगी पाहिली, आणि कायद्याप्रमाणे रेवूच्या नावापुढे दोन घरे लिहिली. मधली सगळी रेवू उन्हात उभी होती.