कुलपाआडची नीळ

तगर नगरीत जयसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका श्रेष्ठीच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव नंदिमित्र. वडिलांच्या मागे नदीकाठची रंगाऱ्यांची आळी त्याच्या मालकीची झाली. दुकानांचे भाडे घरी येई, आणि तो स्वतः बैलांचे तांडे घेऊन घाटापलीकडे व्यापाराला जाई.

आळीच्या तोंडाशी सामा नावाच्या म्हाताऱ्या रंगारणीचे दुकान होते. दुकानाच्या जमिनीत निळीचा एक मोठा रांजण पुरलेला होता, तिच्या सासूने लावलेला. निळीचा रांजण म्हणजे नुसते रंगाचे पाणी नव्हे. ती नीळ आंबवून जिवंत ठेवावी लागते. सकाळ-संध्याकाळ ढवळायची, गुळाचे पाणी द्यायचे, चुन्याची निवळी द्यायची, थंडीत भोवती शेण्या पेटवून ऊब द्यायची. काही दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर ती मरते. रंगारी तसेच म्हणतात, रांजण मेला.

सामेला जुन्या दिवसांची फार आठवण येई. तेव्हा नदीच्या वाळूवर लांबच लांब निळी कापडे वाळत असत आणि पलीकडच्या तीरावरून पाहणाऱ्याला नदी दुपटीने रुंद वाटे. नवरा गात गात कापड पिळी आणि गाणे नेहमी अर्ध्यावर विसरे. नंदिमित्राचे वडील भाड्याला स्वतः येत. पायरीवर बसत, पाणी मागून पीत, आणि एखाद्या वर्षी बाजार मंदावला असला तर आळीतल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावून सगळ्यांसमोर विचारत, "बोल बाई, कधी जमेल?" जो दिवस ठरे तो दोघेही पाळत. छोटा नंदी तेवढा वेळ रांजणाच्या काठाशी बसलेला असे. निळीतून कापड हिरवेगार निघते आणि वारा लागला की निळे होते, हे पाहताना त्याचे तोंड उघडेच राही.

मग एक वाईट वर्ष आले. घाटात पुंड माजले आणि तांडे थांबले. नंदिमित्र पलीकडेच अडकून पडला. तगरात कापड होते, पण घ्यायला कोणी नव्हते. आळीत सगळ्यांचेच भाडे थकले.

नंदिमित्राच्या मागे व्यवहार पाहणारा विरोचन नावाचा कारभारी होता. एका हस्तिदंताच्या व्यापाऱ्याला आळीच्या तोंडाचे दुकान हवे होते, आणि तो भाडे दुपटीने, तेही आगाऊ, द्यायला तयार होता. विरोचन दुसऱ्याच सकाळी कुलूप घेऊन सामेच्या दारात उभा राहिला.

"म्हातारे, बाहेर हो. भाडं थकलंय."

"ठाऊक आहे. पण रांजणाला गूळ द्यायची वेळ झालीय. तेवढं करू दे."

"भाडं द्यायला नाही आणि रांजणाला गूळ खाऊ घालतेस?" विरोचन हसला. "मग त्याच्याकडूनच माग की भाडं!"

"त्याच्याकडूनच मागतेय रे. इतकी वर्षं दुसरं कोण देत होतं?"

विरोचनाने तिला हाताला धरून पायरी उतरवली आणि कुलूप घातले. शेजारचे रंगारी आपापल्या दारात उभे होते. कोणी पुढे झाले नाही. त्यांचेही भाडे थकलेले होते.

सामा रोज त्या पायरीवर येऊन बसे आणि फटीला नाक लावी. जिवंत निळीचा वास उग्र असतो, पण तिला तो सासरच्या घरासारखा ओळखीचा होता. दिवसेंदिवस तो बदलत गेला. एका सकाळी नुसता कुजका वास आला. तरी ती उठली नाही.

घाट मोकळा झाला आणि नंदिमित्र परतला. विरोचनाने त्याच्यापुढे व्यापाऱ्याने आगाऊ दिलेल्या चांदीने भरलेले तबक ठेवले आणि सगळे अभिमानाने सांगितले. नंदिमित्राने तबकाला हात लावला नाही. किल्ली मागून घेतली आणि तो तसाच, धुळीच्या पायांनी, आळीत आला.

सामेला पाहून तो पायरीशी थांबला. "मावशी, मी इथंच बसायचो. आठवतं? हिरव्याचं निळं होताना..."

"सगळं आठवतं, नंदी. पण आठवणींनी रांजण ढवळला जात नाही. दार उघड."

त्याने दार उघडले. सामेने पांढऱ्या कापडाची पट्टी रांजणात बुडवून बाहेर काढली. दोघे वाट पाहत राहिले. पट्टी राखेच्या रंगाची होती, आणि वारा लागूनही तशीच राहिली.

"मेला," सामा म्हणाली.

मागून आलेला विरोचन म्हणाला, "श्रेष्ठी, वाईट झालं. पण हक्क आपलाच होता."

"भाड्यावर माझा हक्क होता. हिच्या हातातलं काम मारण्यावर नव्हता. ज्यातून भाडं यायचं तेच तू मारलंस, आणि वर भाडं मागतोस?"

मग तो सामेकडे वळला. "मावशी, भाडं सोडलं मी. राहा तू इथं."

"मला दया नको रे!" सामा कडाडली. "मी भाडं बुडवणार नव्हते. तुझे वडील विचारायचे, आधी सांगायचे, माझं ऐकून घ्यायचे. तसं मला कुणी विचारलं का?"

 पलीकडच्या दारात एक रंगारी उभा होता. नंदिमित्राने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या ध्यानात आले की या माणसाचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

"तुझ्यासाठी मी धावत आलो, कारण तू मला ठाऊक आहेस," तो हळू म्हणाला. "याच्या दाराला कुलूप लागलं असतं, तर मी घरी बसून ती चांदी मोजली असती. वडिलांचा तो चांगुलपणा होता, मावशी. चांगुलपणा त्यांच्याबरोबर गेला. त्याची रीत करायला हवी होती, ती मी केली नाही."

त्याने चांदी परत पाठवली. आळीच्या तोंडाशी शिळा उभी करून तिच्यावर कोरून घेतले, की भाडे थकले तर मालकाने आधी आळीच्या वडीलधाऱ्यांसमोर तसे सांगावे, भाडेकरूचे ऐकावे आणि मुदत ठरवावी. मुदत टळली तरी त्याची हत्यारे आणि चालू काम त्याला नेऊ द्यावे. आणि असे न करता कोणी कुलूप घातले, तर होईल ते नुकसान मालकाने भरावे.

अक्षरे कोरली जात होती तेव्हा पलीकडचा तो रंगारी घागर घेऊन आला. घागरीत त्याच्या रांजणातली जिवंत नीळ होती. "मावशी, तुझ्याच सासूनं माझ्या बापाला विरजण दिलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी दारात उभा राहिलो, त्याची लाज वाटते." त्याच्यामागून बाकीचेही आले. नंदिमित्राने मेलेला रांजण स्वतः उपसला आणि धुतला. काही दिवसांनी सामेच्या हातून पट्टी हिरवी निघाली आणि हळूहळू निळी झाली.

तांडे सुरू झाल्यावर सामेने थकलेले भाडे नेऊन दिले. ते कमी होते.

"मेलेल्या रांजणाचं नुकसान कापून घेतलंय," ती म्हणाली. "शिळेवर लिहिलंय ना?"

"लिहिलंय," नंदिमित्र हसून म्हणाला आणि त्याने ते तसेच घेतले.

एवढी कथा सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्मीच्या माणसांची ओळख पटवली. तेव्हाचा विरोचन म्हणजे आजचा देवदत्त. सामा म्हणजे तथागतांची मावशी महाप्रजापती गौतमी. नंदिमित्र म्हणजे स्वतः तथागत. आणि ज्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते, तो पलीकडचा रंगारी म्हणजे आनंद. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जिचा अभ्यास केला ती मैत्री पारमी, म्हणजे मैत्रीची पूर्णता, होय; आणि जी ओळख विचारत नाही, तीच मैत्री.