भार्गवकाकांचा रकाना

तालुक्याच्या एका गावी पुस्तकांचं एक दुकान होतं. दुकान मृणालिनीबाईंचं, पण ते पाठ होतं भार्गवकाकांना. काका तिथे तीस वर्षं काम करत होते. चाळीस खणांत नऊ हजार पुस्तकं. कुठलंही मागा, काका उठत आणि नेमक्या खणात हात घालत. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालत. काकांना त्या कौतुकाची चटकच लागली होती.

एके दिवशी बाईंनी ऋजुता नावाच्या मुलीला बोलावलं. ती सगळ्या पुस्तकांची माहिती संगणकात भरणार होती. ती म्हणाली, "काका, कोणतं पुस्तक कुठल्या खणात ते तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

काकांच्या पोटात दुखायला लागलं. तीस वर्षं डोक्यात जपलेलं सगळं ही काल आलेली पोर घेऊन जाणार! मग उद्या मला कोण विचारणार? तोंडाने त्यांनी हो म्हटलं, पण दर दहा पुस्तकांमागे एकाचा खण ते खुशाल चुकीचा सांगू लागले. ती "कमाल आहे तुमची!" म्हणाली की त्यांचा आणखीच जळफळाट होई.

एकदा तिने विचारलं, "काका, मी रकाने कसे आखलेत, बघता का?"

"तुझं ते तूच बघ," म्हणून काकांनी मान फिरवली.

काम पुरं झालं तेव्हा बाईंनी नेहमीच्या वाचकांना बोलावून पेढे वाटले. तेवढ्यात डोंगरातल्या एका गावाहून एक बाई आल्या. त्यांच्या बचत गटाला मधमाश्या पाळायच्या होत्या, त्यावरचं एक जुनं पुस्तक हवं होतं. ऋजुताने बघून सांगितलं, "खण बारा." बारात निघाली स्वयंपाकाची पुस्तकं. ऋजुताचा चेहरा पडला.

काका याचीच वाट बघत होते. ते तडक एकतिसाव्या खणाकडे गेले आणि पुस्तक काढून त्या बाईंच्या हातात दिलं. "यंत्राला काय कळतंय!" ते म्हणाले. वाचकांनी टाळ्या वाजवल्या. काकांना आभाळ ठेंगणं झालं.

एक वाचक मात्र संगणकाच्या पडद्यावर वाकून बघत होता. त्याने मोठ्याने वाचलं, "शेवटचा रकाना. माहिती देणारे: भार्गवकाका."

"प्रत्येक पुस्तकापुढे ते नाव आहे," ऋजुता हळूच म्हणाली. "हे सगळं दुकान कुणाला पाठ होतं, ते पुढच्यांना कळावं म्हणून मी घातलं."

मृणालिनीबाईंनी विचारलं, "भार्गवराव, बारा तुम्ही सांगितलंत, की हिने चुकीचं लिहिलं?"

पोरीवर ढकललं असतं, तरी कुणी अविश्वास दाखवला नसता. काकांनी पडद्याकडे पाहिलं. खाली, त्याखाली, त्याखाली त्यांचंच नाव होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "आणि असं हे एकच नाही."

"मग चुकीची कोणती, तेवढी सांगा. मी दुरुस्त करते," ऋजुता म्हणाली.

काका आठवू लागले. ज्यांना नऊ हजार पुस्तकांची जागा पाठ होती, त्यांना आपण कोणतं खोटं कुठे सांगितलं, ते काही केल्या आठवेना. दुसऱ्या दिवसापासून ते शिडी घेऊन पहिल्या खणापासून एकेक पुस्तक तपासायला लागले. खाली ऋजुता लिहून घेत होती.

तात्पर्य: मत्सरापायी दुसऱ्याचं काम बिघडवायला जाणारा माणूस आधी स्वतःचंच नाव बिघडवतो.