एकच 'यू' आणि तीन मापं

तराजू मोठा म्हणून माप खरं, असं समजणारा व्यापारी एकदा तरी फसतो. सांगलीच्या मालन वझरकरांना हे पुण्यात कळलं. हळदीच्या पेढीवर अकरा वर्षं स्पेनच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलता बोलता त्या स्पॅनिश शिकल्या होत्या. पेढी बंद पडली, पोटाची सोय हवी, म्हणून एका बड्या शाळेत स्पॅनिश शिकवायच्या जागेसाठी त्या मुलाखतीला आल्या.

परीक्षक डॉक्टर निरगुडकर लंडनला शिकलेले. आधीच्या टायवाल्या उमेदवाराला त्यांनी "या, बसा" म्हटलं होतं. मालनबाईंची पिवळी बोटं पाहून म्हणाले, "तू शिकवणार? बरं, सांग. स्पॅनिशमध्ये जवळच्याला 'तू' आणि मानाच्या माणसाला 'उस्तेद' म्हणतात. घरीदारी इंग्रजी बोलणारी आमची मुलं तिथे हमखास चुकतात. का?"

"इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' चालतं, साहेब. निवड करायची सवयच नसते त्यांना."

"मग ही खोड कशी मोडणार तू?"

मालनबाई अजून उभ्याच होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मुलांची मोडेल हो. त्यांच्यापाशी शब्दच एक. पण मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन असताना, मी आल्यापासून तुम्ही मला तूच म्हणताय. त्यावर औषध मला ठाऊक नाही."

शेजारचे परीक्षक कागदाआड हसले. निरगुडकरांनी मालनबाईंच्या अर्जावर आडवी काट मारली आणि पहिल्यांदाच मानानं म्हणाले, "बरं, आपण या आता."