बिनदोरीचा बाण

फार मागची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता ते मला माहीत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. नदीच्या वळणावर एक गाव होतं, गावाखाली डोह होता. तिथली माणसं गळ टाकत नसत की जाळं लावत नसत. धनुष्यानं मासे मारत.

बाण कळकाचा, म्हणजे बारीक बांबूचा. टोकाला उलटी आकडी, शेपटाला अंबाडीची लांब दोरी. दोरीचं दुसरं टोक मारणाऱ्याच्या मनगटाला. बाण लागला की दोरी ओढायची, मासा काठावर. गावाचा कायदा एकच होता: बिनदोरीचा बाण पाण्यात सोडायचा नाही. सोडला, तर त्याचं धनुष्य चव्हाट्यावर मोडायचं.

या दोऱ्या एक म्हातारी वळायची. कायदा सांभाळायचं कामही तिचंच. तोंडानं तिखट होती, पण खोटी नव्हती.

गावात एक तिरंदाज होता. पाण्यात मासा दिसतो तिथं नसतो, त्याच्या खाली असतो, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. पण किती खाली, ते ओळखावं यानंच. एवढं असून त्याला चैन नव्हती. डोहाच्या तळाशी माणसाएवढा मोठा, जुना मासा फिरायचा. तिथवर बाण पोचेना, दोरी मागं खेचायची.

तो म्हातारीकडे गेला. "आजी, मला दोरी नको. माशाला मरायचंच आहे, त्याला दोरीचं काय?"

"त्याला नाही रे, तुला आहे. दोरी असली की जखम कुणाची ते कळतं."

"माझा नेम चुकत नाही."

"नेम धरायला काय जातंय? पुढचं कोण निस्तरणार ते बोल."

हा हसून निघून आला. भर दुपारी काठ मोकळा बघितला, दोरी कापली आणि बाण सोडला. बाण लागला. मासा एकदा वळला आणि बाणासकट तळाला गेला. हा घरी येऊन जेवायला बसला.

सकाळी सगळ्या गावानं बघितलं. जखमी मासा तळावरून वर आलेला, पाण्यावर बाणाचा हातभर कळक उभा, आणि तो चालतोय. या काठाहून त्या काठाला, पुन्हा माघारी. मासा मरेना, आणि आकडी त्याला सोडेना. बायका भिऊन रिकाम्या घागरी घेऊन परत फिरल्या. बाकीचे मासे बिथरून खालच्या पाण्याला पळाले.

कुणाचा बाण? तिरंदाजाच्या मेहुण्याची दोरी आदल्या दिवशी खडकाला घासून तुटली होती. बिचाऱ्यानं ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. तेच त्याच्या अंगाशी आलं.

"तुटली म्हणतोय. कापली असेल."

"एवढा मोठा मासा बघून हात शिवशिवला असेल."

म्हातारी म्हणाली, "तीन दिवस देते. ज्याचा बाण आहे त्यानं पुढं यावं. नाहीतर याचं धनुष्य मोडेन." मेहुण्याला चार लेकरं, आणि घरात पोटाला दुसरं काही नाही.

तिरंदाज घरात बसेना, काठावर उभा राहीना. डोळे मिटले तरी कळक चालतच होता. दुसऱ्या दिवशी त्यानं दोरीचे सहा बाण सोडले. बाण येताना दिसला की मासा तळाला दडी मारी, एकही पोचला नाही. तिसऱ्या दिवशी बायको चुलीपुढून म्हणाली, "माझ्या भावाचं धनुष्य मोडायला निघालेत. तुम्ही नुसतं घर-काठ, घर-काठ करताय. पायाला इंगळी डसली का तोंडाला?"

तो उठला तो थेट चव्हाट्यावर गेला. मेहुण्याचं धनुष्य म्हातारीच्या हातात होतं.

"ठेव ते, आजी. बाण माझा आहे. तुझी सगळ्यात लांब दोरी दे."

दोरीचं एक टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं. दुसरं धरायला कुणी पुढं आलं नाही. मेहुणा आला. म्हणाला, "भाऊजी, मनात आलं तर सोडून देईन."

"दे. तेवढं मी तुझं देणं लागतोच."

त्यानं बुडी मारली. कळक हाताला लागला तसा मासा उसळला. बाण माशातून आरपार गेला होता. बाहेर आलेली आकडी याच्या उजव्या तळहातात घुसली. आता मासा याला सोडेना आणि हा माशाला. मासा त्याला तळाला ओढू लागला. वर मेहुण्यानं पाय रोवले आणि ओढलं. माणूस, बाण, मासा, तिन्ही एका दोरीनं काठावर आले.

कुणाला वाटेल, आता माफ केलं असेल. नाही केलं. म्हातारीनं तिरंदाजाचं धनुष्य मेहुण्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते गुडघ्यावर मोडलं. तसंही तिरंदाजाच्या त्या जखमी हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत.

उरलेल्या बोटांनी तो म्हातारीशेजारी बसून अंबाडी वळायला शिकला. दोरी बाणाला मागं खेचते, अशी कुणी कुरकूर केली, की तो हातातली दोरी खाली ठेवी. तळहात उघडून दाखवी.

ज्याची दोरी आपल्या हातात नाही, तो बाण सोडू नये.