पहिल्यापासून

जत्रेतल्या तंबू सिनेमात एक रिवाज होता. सरपंच दौलतराव कितीही उशिरा येवोत, सिनेमा त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून लावायचा. यंदा ते आले तेव्हा सिनेमा संपत आला होता. सासरच्या जाचानं नायिका मेली होती, आणि बायकांच्या बाजूला सगळ्या जणी तोंडाला पदर लावून रडत होत्या.

मशीनवाला रीळ उलटं गुंडाळू लागला. दौलतराव हसून म्हणाले, "खोट्या पोरीसाठी कसलं रडता? आता पहिल्यापासून लागेल, मेलेली पुन्हा झोक्यावर बसेल. का रडता ते एकीनं तरी सांगा, नाहीतर उद्यापासून तंबूत बायका बंद."

मग त्यांचीच बायको, पार्वताबाई, उठली.

"म्हणूनच आम्ही रडतोय. इथं तुम्ही उशिरा आलात तरी पोरगी जिवंत होते. आपल्या लेकीनं, सुगंधानं, सासरहून निरोप धाडला होता, मला न्यायला या म्हणून. तुम्ही आठव्या दिवशी गेलात. तोवर तिची राख सावडून झाली होती."

दौलतरावांनी मशीनवाल्याला हातानंच थांबवलं.

पुढच्या जत्रेपासून ते तंबूत सगळ्यांच्या आधी येऊन बसत.