मागची मधली जागा

कराडच्या यादवांकडे नवी गाडी यायची होती. लाल घ्यावी की पांढरी, एवढाच प्रश्न. गाड्या वेगवेगळ्या, किंमत दोन्हींची सारखीच. थोरले दीर आप्पासाहेब छपरातून आभाळ दिसणाऱ्या लाल गाडीवर लट्टू झाले होते. धाकट्या सुनेनं, हेमलतानं, पांढरीचं नाव काढताच ते गरजले, “बायकांना गाडीतलं काय कळतं?”

“शेवटचा शब्द तुमचाच, भाऊजी,” हेमलता म्हणाली. “फक्त दोन्ही गाड्यांतून माझ्या जागेवर बसून एकेक चक्कर मारा.”

पुढची सीट कायम आप्पासाहेबांची. हेमलताची जागा मागची, मधली. एकीकडे सासूबाई, दुसरीकडे आत्याबाई, दोघी अंगानं भरदार.

लाल गाडीत त्या दोघींच्या मधे आप्पासाहेबांचे गुडघे हनुवटीला टेकले. पांढरीत मात्र टोलनाका यायच्या आत ते घोरू लागले.

तरी शोरूमशी उतरल्यावर ताठा कायम. “लालच घ्यायची!”

“घेऊ की,” हेमलता हसली. “पण मग मधली जागा कायमची तुमची. आभाळ तिथूनच छान दिसतं.”

आत्याबाई फिस्सकन हसल्या. आप्पासाहेबांनी कंबर दाबत विक्रेत्याला हाक मारली, “अहो, ती पांढरी बुक करा!”

गाडी आली त्या दिवशी नारळ हेमलतानं फोडला, आणि पुढच्या सीटवरही तीच बसली.